एक खडखड आणि एक मौन

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या गाडीतून एक आवाज येऊ लागला. येऊ लागला म्हणण्यापेक्षा मला तो ऐकू येऊ लागला असे म्हणणे अधिक खरे. येत तो कदाचित फार दिवसांपासून असेल. पाऊस, टपाचे फडफडणारे कापड आणि माझा स्वतःचा आशावाद या तिघांच्या गलक्यात तो लपून राहिला असावा.

गाडी म्हणजे चारचौघांकडे असते तशी गाडी नव्हे. दोन माणसांची, बुटकी, कापडी टपाची आणि तारांच्या चाकांची. जिला जाणते लोक स्पोर्ट्स कार म्हणतात आणि आमच्या सोसायटीतली मुले बेडकी म्हणतात. साठ वर्षांपूर्वी ती इंग्लंडात जन्मली, माझ्या मामांनी ती मुंबईत जुनीच विकत घेतली आणि मामांच्या मागे ती माझ्याकडे आली. कोणत्या कारखान्याची ते सांगत नाही. साठ वर्षे चालून एखादी वस्तू कुरकुरली, तर तो कारखान्याचा दोष म्हणता येत नाही. आणि पुढे जे सांगणार आहे त्यात दोष आहे तो माझा आहे.

या भाद्रपदात मी ती विकायला काढली. गुडघे ऐकेनात. या गाडीत बसायचे म्हणजे विहिरीत उतरावे तसे उतरायचे असते, आणि उतरायचे म्हणजे विहिरीतून वर यायचे असते. मुलुंडचा एक तरुण ती पाहायला आला. सोबत आईला घेऊन आला. चेंबूरच्या सपाट रस्त्यांवरून, सकाळच्या वेळी, इंजिन गार असताना आम्ही एक फेरी मारली. गाडी गाईसारखी चालली. आवाजाचे नाव नाही. गाडीतून बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काका, मला यातलं फारसं कळत नाही. काही खोट असती तर तुम्ही सांगितलीच असती, असं मी धरून चालतो."

मी हसलो, आणि म्हणालो, "चहा घेणार ना?"

त्याच्या आईने, माझ्या चहात साखर कमी घाला, असे सांगितले. दसऱ्याला गाडी न्यायची ठरली. विसार म्हणून त्याने पाच हजार रुपये माझ्या हातावर ठेवले, आणि मी ते घेतले.

आता हे मला कबूल केले पाहिजे की मी बत्तीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवले आहे. सिसेरोने ख्रिस्तपूर्व ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यातला एक प्रश्न मी दर वर्षी वर्गात मांडीत असे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्याचे भाव आभाळाला भिडले आहेत. अलेक्झांड्रियाहून एक भला व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. ऱ्होड्सच्या लोकांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून माल चढ्या भावाने विकावा? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणे, कायदा जेवढे सांगायला लावतो तेवढे सांगावे. न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणे, विकणाऱ्याला जे जे ठाऊक आहे ते ते घेणाऱ्याला ठाऊक झाले पाहिजे. सिसेरोने कौल दिला तो शिष्याला. माझ्या वर्गातली मुलेही बहुधा शिष्याच्याच बाजूची असत. त्या वयात माणसाजवळ विकायला काही नसते. मी फळ्यावर दोन रकाने आखून दोन्ही बाजू लिहीत असे आणि तास संपल्यावर फळा पुसून घरी जात असे. फळा पुसणे किती सोपे होते, हे मला त्या चहाच्या कपापाशी कळले.

तेव्हा माझ्या मनात सिसेरो आला नाही. लहानपणी कीर्तनात ऐकलेली द्रोणवधाची कथा आली. अश्वत्थामा गेला, हे धर्मराजाने मोठ्याने म्हटले आणि हत्ती हा शब्द हळू उच्चारला. तो शब्द द्रोणांच्या कानी पडू नये म्हणून कृष्णाने नेमका त्याच वेळी शंख फुंकला, असे कीर्तनकार रंगवून सांगत. तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्माचा रथ त्या दिवसापासून खाली टेकला. त्या रथाची खडखड तेव्हापासून सुरू झाली असणार, असे मला उगीचच वाटत आले आहे. माझ्याजवळ शंख नव्हता, चहा होता.

माझा मेहुणा वकील आहे. रात्री त्याला फोन केला. तो आनंदाने म्हणाला, "दाजी, काही काळजी करू नका. १८७२ चा कराराचा कायदा, कलम सतरा. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. कायद्यातच उदाहरण दिलंय: एकानं लिलावात घोडा विकला, घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक होतं, तो काही बोलला नाही. फसवणूक नाही!" मला हायसे वाटले. मग सहज म्हणून मी त्या मुलाचे वाक्य त्याला सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "तर मग तिसरं उदाहरण वाचा."

पुस्तक घरात होते. दुसऱ्या उदाहरणात घोडा घेणारी विकणाऱ्याची स्वतःची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. तिथे नात्यामुळेच बोलणे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो की, तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन; आणि विकणारा काहीच बोलत नाही. तिथे त्याचे मौन हे बोलण्यासारखेच, असे कायदा म्हणतो. दीडशे वर्षांपूर्वी ज्याने कुणी हे उदाहरण रचले, तो आमच्या दिवाणखान्यात येऊन बसला होता की काय, असे मला वाटले.

परंतु घोड्याची खोट काय, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. मला काय ठाऊक होते? एक आवाज. आणि त्या आवाजाचे नावसुद्धा मला सांगता येत नव्हते. आपल्या भाषेत आवाजांना नावे उदंड आहेत. खडखड, खुळखुळ, खटखट, किरकिर, कुरकुर, घरघर, खणखण. बैलगाडीपासून आजारी माणसाच्या छातीपर्यंत प्रत्येकाला वेगळा शब्द. पण गॅरेजात जाऊन उभे राहावे आणि अचूक शब्द काही केल्या सापडू नये, अशी माझी गत झाली. मी खडखड म्हणे. आमच्या सौ. म्हणत, छे, रिकाम्या डब्यात सुपारीचं खांड टाकून हलवावं तसं वाजतं. सोसायटीतल्या एका मुलाने तोंडाने तो आवाज हुबेहूब काढून दाखवला, पण त्याला दर वेळी गॅरेजात कोण नेणार?

वर्षभरात तीन कारागीर झाले. पहिल्याने गाडीखाली पाहून सांगितले की सायलेन्सरचा पाइप सैल आहे, आणि तो तारेने आवळून बांधला. दोन महिने शांतता. दुसऱ्याने पाइप आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये रबराचा तुकडा ठोकून बसवला. पुन्हा काही आठवडे शांतता. तिसरा तत्त्वज्ञ होता. तो म्हणाला, गाडी म्हातारी झाली, आता हे असंच राहणार. गाणी लावत जा. मी गाणी लावू लागलो. ज्या भागाचे नावच सायलेन्सर, त्याच्यापाशी आवाज व्हावा आणि इलाज म्हणून मी जुनी नाट्यगीते मोठ्याने ऐकावी, यातला विनोद त्या वेळी मला दिसला नाही.

विसार घेतल्यानंतर मात्र मला गाणी ऐकवेनात. कुणीतरी सांगितले, माहुलला जा.

चेंबूरच्या दक्षिणेला, खाडीच्या काठी, जिथे रस्त्याच्या कडेला तेलाचे टँकर रांगा लावून उभे असतात, तिथे ताडपत्रीच्या आडोशाला एक कारागीर बसतात. माहुलच्या कोळीवाड्यातले, तरुणपणी होड्यांची इंजिने दुरुस्त करीत, म्हणून त्यांना सारे नाखवा म्हणतात. त्यांनी गाडीला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. गार असताना येतो की तापल्यावर? सपाटीला की चढावर? खड्ड्यात आपटली की येतो? क्लच दाबला तर राहतो की जातो? उभ्या गाडीत इंजिन वाढवलं तर?

निम्म्या प्रश्नांची उत्तरे मला ठाऊक नव्हती. वर्षभर मी तो आवाज ऐकत होतो, पण त्याच्याकडे लक्ष म्हणून दिले नव्हते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली कारणे शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या, त्या मी पोरांकडून घोकून घेतल्या होत्या: बाकी सारे तेच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि काय होते ते पाहावे. नाखव्यांनी मला गाडी घेऊन पूर्व मुक्त मार्गाच्या चढावर पिटाळले. मी दोनदा जाऊन आलो आणि उत्तरे आणली. तापल्यावरच येतो. चढावर जोर लावतानाच येतो. क्लच दाबला की त्याच क्षणी जातो. खड्ड्यात येत नाही, आणि उभ्या गाडीत इंजिन वाढवले तरी येत नाही. पण येतो तो अगदी बारीक, दबलेला.

"दबणारच," नाखवा म्हणाले. "बांधून ठेवलाय ना." आणि त्यांनी पहिले काम केले ते हे की तार कापली आणि रबराचा तुकडा काढून टाकला. "आधी आवाज परत आणू या, साहेब."

तेवढ्यात एका टँकरवाल्याने त्यांना हाक मारली आणि मी तासभर रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसून राहिलो.

समोर शुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या होत्या. १९५४ साली एक आणि १९५५ साली दुसरा, असे दोन कारखाने या भागात सुरू झाले. १९७० च्या दशकात दोन्ही सरकारी मालकीचे झाले. पेट्रोलच्या त्या वासात मला इंजिनाच्याच आणखी एका आवाजाची गोष्ट आठवली. इंजिनात इंधनाचा काही भाग ज्योत पोहोचण्याआधीच आपल्या आपण भडकला की आतून ठकठक ऐकू येते, आणि पिस्टनला ती घातक असते. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली याला शोध लागला की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये थोडेसे मिसळले की ही ठकठक थांबते. ती खरोखरच थांबत असे. त्यात लबाडी नव्हती. लबाडी होती ती नावात. ते द्रव्य एथिल या गोंडस नावाने बाजारात आले आणि त्या नावात शिसे हा शब्द नव्हता. शिसे विष आहे हे तेव्हाही वैद्यांना नवे नव्हते. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात ते द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी पुढे सारे जग ते पेट्रोल जाळीत राहिले. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले. अल्जीरियात, सगळ्यांत शेवटी, २०२१ साली. इंजिने शांत चालली, आणि तो त्रास रस्त्याकडेच्या मुलांच्या रक्तात गेला, जिथे तो कुणाला ऐकू येत नव्हता. माझी गाडी त्या शिशाच्या काळातली. माझ्या मामांनी आणि मी मिळून त्यातले किती या शहराच्या हवेत सोडले असेल, याचा हिशेब मी कधी केला नव्हता.

आणि स्टुलावरून मान वळवली की दिसत होत्या त्या पुनर्वसनाच्या इमारती. सिसेरोच्या त्याच प्रकरणात दुसरे एक उदाहरण आहे, ते मी वर्गात घाईघाईने उरकीत असे, कारण जहाजाचे जास्त रंगते. एका माणसाला आपले घर विकायचे आहे. ते राहण्याला अपायकारक आहे हे त्याला ठाऊक आहे, इतरांना नाही. माहुल आणि आंबापाडा इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये नमूद केले होते. त्यानंतर, २०१७ साली, तानसा जलवाहिनीलगतच्या तोडलेल्या वस्त्यांतली कुटुंबे याच माहुलच्या इमारतींत आणून ठेवली गेली. लोक खोकू लागले, तक्रारी करू लागले, रस्त्यावर येऊन बसले. शेवटी २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की ज्यांना इथे राहायचे नाही त्यांना महिना पंधरा हजार रुपये भाडे द्या. इथे तर सिसेरोच्या घरमालकाला होती तीही सवलत नव्हती. खोट एकट्यालाच ठाऊक होती असे कुणाला म्हणता येणार नव्हते, ती लवादाच्या कागदावर लिहिलेली होती. मी चेंबूरला राहतो, इथून हाकेच्या अंतरावर. त्या दोन वर्षांत वर्तमानपत्रातल्या त्या तक्रारी मी वाचीत होतो आणि पान उलटीत होतो. गाणी लावण्याचा तोही एक प्रकारच.

नाखवा परत आले. गाडी पुन्हा तापवून आणली. चारी चाकांना दगड लावले, बॉनेट उघडले, आणि मला आत बसवून सांगितले: पायाखाली ब्रेक घट्ट दाबा, पहिला गिअर टाका आणि क्लच अगदी हळू, केसभर सोडा. ते स्वतः बाजूला, टॉर्च घेऊन. मी क्लच सोडला. गाडी जागची हलली नाही. पण तिचे इंजिन एका अंगाने उचलले गेले, चांगले दोन बोटे, झोपलेल्या माणसाने कुशीवर वळावे तसे. आणि खालून तो आला. स्पष्ट, मोकळा, वर्षभर कोंडलेला. सुपारीचे खांड. आमच्या सौ.चेच खरे होते.

"फाउंडेशन गेलंय," नाखवा म्हणाले.

इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसते तिला गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. त्यातले एक रबर आतून फाटले होते. इंजिन स्थिर असले की त्याच्याच वजनाने ती चीर मिटे, म्हणून पाहणाऱ्या तिघांनाही ते धड दिसले. तापले की रबर मऊ होई. चढावर जोर लागला की इंजिन उलट्या बाजूला वळू पाही, चीर उघडे, इंजिन उचले, आपल्याबरोबर सायलेन्सरचा पाइप ओढी आणि पाइप सांगाड्यावर आपटे. पाइपचा काही गुन्हा नव्हता. तो नुसता निरोप्या होता, आणि आम्ही त्यालाच बांधून ठेवले होते. रबर फाटले का? वरून इंजिनाचे तेल गळून गळून ते कुजले होते. ते गळणे मला दहा वर्षांपासून ठाऊक होते. खाली पत्र्याचे ताट ठेवले की भागते, असे मी धरून चाललो होतो.

"चालवत राहिलो असतो तर?" मी विचारले.

नाखव्यांनी ॲक्सिलरेटरचा दांडा दाखवला. इंजिन उचलले जाते, दांडा गाडीला पक्का आहे. एखाद्या दिवशी सगळेच रबर तुटले आणि इंजिन जास्त उचलले, तर पाय काढला तरी ॲक्सिलरेटर ओढलेलाच राहील. गाडी आपल्या आपण धावेल. मला ते अतिशयोक्त वाटले. घरी येऊन पाहिले, तर नेमक्या याच कारणाने अमेरिकेत १९७१ साली एका मोठ्या कंपनीने सुमारे सदुसष्ट लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या.

त्या रात्री मला चहाचा कप आठवत राहिला, आणि शेजारी मुलुंडचा तो मुलगा मुक्त मार्गाच्या चढावर, टप उघडून, कदाचित आईला शेजारी बसवून.

पण खरी परीक्षा ती नव्हती. रबराला फार पैसे पडत नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या दुकानातून मिळालेसुद्धा. आता मोह निराळाच होता: बसवून टाकावे. बसवले की घोडा निर्दोष. मग सांगायला उरले काय? मेहुण्यालाही हे पटले असते. खोट दुरुस्त झाल्यावर ती सांगण्याचे धैर्य पुष्कळांजवळ असते, आणि मी तर तेवढेही न करण्याच्या बेतात होतो. शिवाय एक गोष्ट दुरुस्त होण्यासारखी नव्हती. पाइप जिथे वर्षभर आपटला, तिथे सांगाड्याचा पत्रा घासून पातळ झाला आहे. वेल्डिंग करता येईल, पण पुढे किती टिकेल हे सांगता येणार नाही, असे नाखव्यांनी मला कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितले होते. ते त्यांनी एका अनोळखी गिऱ्हाइकाला सांगितले. त्यात त्यांचा फायदा काही नव्हता.

मी त्या मुलाला फोन केला. सगळे सांगितले, रबर, तेल, तार, गाणी, पातळ झालेला पत्रा. तो मध्ये बोलला नाही. मी थांबल्यावर म्हणाला, "म्हणजे काका, त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तुम्हाला..."

"हो," मी म्हणालो. "आवाज ठाऊक होता. कारण ठाऊक नव्हतं."

बराच वेळ तो काही बोलला नाही. त्याचे मौन बोलण्यासारखे होते की नाही, ते मला सांगता येणार नाही. मग त्याने विचारले, "कसा येतो हो तो आवाज?"

मी सांगून पाहिले. डबा, सुपारी, खुळखुळ. त्याला काही उमगले नाही. तो म्हणाला, मला ऐकायचाय.

येत्या रविवारी तो माहुलला येणार आहे. चाकांना दगड लावून, गाडी जागची न हलवता, नाखवा त्याला तो ऐकवणार आहेत, म्हणून नवे रबर अजून बसवलेले नाही. कागदात गुंडाळलेले ते माझ्या टेबलावर आहे. त्याच्याशेजारी पाच हजारांचे पाकीट. तिथून तो आमच्याकडे येईल. आईही येणार आहेत. त्यांच्या चहात साखर कमी, हे आमच्या सौ.च्या लक्षात आहे.